पाचाच्या जागी सहा

कव्हर पिवळं निघालं. पिवळी भिंत, भिंतीशी एक रिकामी खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेला कोट. नकाशे काढणाऱ्या बाईंनी ते कापडी पिशवीतून अर्धंच बाहेर काढलं होतं, तेवढ्यात घड्याळजीला ओळख पटली आणि उरलेलं अर्धं बाहेर येईपर्यंत त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हे कव्हर त्याच्या घरी होतं. एकोणीस वर्षं होतं. आतली रेकॉर्ड त्याने किती वेळा ऐकली असेल याला मोजदाद नाही. पुढच्या रविवारी त्याची पहिली पाळी होती आणि तो हीच आणणार होता. सहा महिने तो या मंडळींना सांगत आला होता की थांबा, माझी पाळी येऊ द्या, अशी रेकॉर्ड ऐकवतो की पाय जमिनीवर ठरणार नाहीत. आणि आत्ता बावीस मिनिटं, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून त्याने तीच रेकॉर्ड ऐकली होती आणि त्याला ती ओळखता आली नव्हती.

चौघे जण होते. दर रविवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जमायचे, कारण तिथे खुर्च्या आयत्या होत्या आणि रविवारी कुणी ओरडायला येत नव्हतं. प्लेअर काउंटरवर, स्पीकर दोन्ही कोपऱ्यांत, भिंतीवर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र. डॉक्टर, नकाशेवाल्या बाई आणि बेकरीवाला हे जुने, घड्याळजी नवा. नव्याने पहिले सहा महिने नुसतं ऐकायचं, आपलं काही आणायचं नाही, असा तिथला दंडक होता. दुसरा दंडक त्याहून कडक. रेकॉर्ड पिशवीतून यायची, कव्हर कुणी बघायचं नाही, आणि वाजवणारा कोण हे ओळखायचं तर मुळीच नाही. नाव ओळखणं हा पोरखेळ, असं बाईंचं मत. पहिली बाजू संपली की प्रत्येकाने एवढंच सांगायचं की वाजवणारा माणूस कसा आहे, त्याचं काय चाललंय. मग कव्हर बाहेर, मग चहा, मग दुसरी बाजू. घड्याळजीला हे सुरुवातीला थोतांड वाटलं होतं. पण हळूहळू त्याला त्यात गोडी लागली. डॉक्टरांच्या रेकॉर्डी दोन-तीन वाद्यांच्या, त्यांत बासची तार सुटल्यावर लाकूड घुमायचं तेही ऐकू यायचं. बेकरीवाला वीस-वीस जणांच्या ताफ्याच्या रेकॉर्डी आणायचा आणि त्या वाजत असताना त्याचे हात आपोआप पीठ मळायला लागायचे. मंडळी चांगली होती, फक्त त्यांना जरा संथ, जड वाजवणारेच लोक आवडतात, असं त्याने मनात नोंदवून ठेवलं होतं. बाजारात पावट्याएवढी वस्तूही पारखून घेणारा हा माणूस, पण आपल्याच घरचं काही वेगळं असेल हा संशय त्याला शिवला नव्हता.

आजची बाजू संपल्यावर डॉक्टर म्हणाले होते, हा मनुष्य घरी आलाय पण त्याने अजून दिवा लावलेला नाही. बेकरीवाल्याने मान हलवून नुसतं ‘दमलाय’ एवढंच सांगितलं. मग घड्याळजीची पाळी आली. एरवी तो चाचपडायचा, ‘चांगला आहे, हात साफ आहे’ असं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचा. आज सॅक्सोफोनवाला प्रत्येक सूर उचलण्याआधी क्षणभर थांबत होता, मागे ड्रमवर ब्रश फिरत होता तो कुणी खोलीत उगाच येरझारा घालाव्यात तसा, आणि घड्याळजीच्या तोंडून विचार न करताच निघून गेलं.

“कुणीतरी खोलीत एकटा बसलाय. कुणाला बोलावणं त्याला जमत नाहीये. पण कुणी आपणहून येऊन बसलं तर बरं होईल, असं त्याला वाटतंय.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “सहा महिन्यांत आज पहिल्यांदा नेमकं बोललात,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीत हात घातला.

कव्हर हातोहात फिरत त्याच्यापर्यंत आलं. त्याने ते धरलं, उलटवलं, मागची बारीक अक्षरं वाचल्यासारखं केलं. तुम्ही ऐकलीय का ही, असं बाईंनी विचारलं, तेव्हा तो नाही म्हणाला. का नाही म्हणाला हे त्यालाही सांगता आलं नसतं. दुसरी बाजू त्याने ऐकली नाही. म्हणजे कानावर पडली, पण आता तो प्रत्येक वळण ओळखत होता, पुढचा सूर कुठे जाणार ते त्याला ठाऊक होतं, फक्त सूर तिथे फार उशिरा पोचत होता आणि खूप खालून येत होता. ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा आणि तो एका दिवसात म्हातारा झालेला असावा, तसं त्याला झालं.

घरी जाताना तो नेहमीच्या रस्त्याने गेला नाही. बंद दुकानांच्या कडेकडेने चालत राहिला आणि स्वतःशी वाद घालत राहिला. डॉक्टरांचं यंत्रच मंद असेल. असणार. जुनं आहे, रबरी पट्टा सैल पडला असेल, आणि ती तिघंही वर्षानुवर्षं सगळं हळू ऐकत बसली असतील. हे मनात येताच त्याला हायसं वाटलं, आणि पुढच्याच चौकात ते हायसं वाटणं गळून पडलं, कारण तिघांच्याही घरी आपापली यंत्रं होती. त्याला भीती रेकॉर्डची नव्हती. हळू काय, जलद काय, संगीतच ते. भीती होती ती दादाची. त्या रेकॉर्डसोबत आलेल्या एका चिठ्ठीची.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. जॅझ ऐकायला त्यानेच शिकवलं. वडिलांच्या घरी दोघांची खोली एकच, आणि दुपारी आई झोपली की दादा रेडिओ गादीवर ठेवून वर उशी दाबायचा आणि म्हणायचा, कान लाव. उशीच्या कापसातून झिरपत येणारं ते वाजवणं पहिल्यांदा कानाला लागलं तेव्हा घड्याळजी आठ वर्षांचा होता. दादा फार बोलणारा नव्हता. मनात काही असलं की बोलण्याऐवजी काहीतरी ऐकवायचा. परीक्षेत नापास झाला तेव्हा वडिलांना सांगण्याआधी त्याने धाकट्याला उशीखालचा एक उदास पियानो ऐकवला होता, आणि धाकट्याने विचारलं होतं, “नापास झालास?” तेव्हा दादा हसला होता. तुला बरोब्बर कळतं, म्हणाला होता. ते वाक्य घड्याळजीने आयुष्यभर बिल्ल्यासारखं मिरवलं.

पुढे दादा दूरच्या शहरात बंदरावर मोजणीच्या कामाला लागला, लग्न झालं, पत्रं कमी झाली. आणि एकोणीस वर्षांपूर्वी एक चपटं पार्सल आलं. आत पिवळ्या भिंतीची रेकॉर्ड आणि चतकोर कागदावर तीन वाक्यं: ‘लिहायला जमत नाही. ही ऐक. माझं सध्या असं आहे.’ घड्याळजीने तेव्हा नुकताच प्लेअर घेतला होता, एका बोटीवरच्या आचाऱ्याकडून, जुना पण देखणा. त्याने रेकॉर्ड लावली. पहिल्याच सुरापासून सॅक्सोफोन उड्या मारत निघाला, ब्रश ड्रमवर चुरचुर पळत सुटला, आणि बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. भाऊजींची तब्येत बरी आहे ना, तुम्ही एकदा जाऊन या, असं ती म्हणाली. चिठ्ठी वाचून तिला कसंतरी वाटलं होतं. त्याने तिला वेड्यात काढलं. अगं, ऐक तरी, तो म्हणाला होता, हा काय आजारी माणूस आहे का? आणि त्याच संध्याकाळी त्याने कार्ड टाकलं. त्यातला शब्द न शब्द त्याला आता आठवत होता. ‘रेकॉर्ड पोचली. तू मजेत आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. असाच राहा.’

असाच राहा. चालता चालता तो एका बंद शटरसमोर थांबला.

दादाचं उत्तर आलं नाही. वर्षभराने एका लग्नात मामांकडून कळलं की त्या सुमाराला वहिनी घर सोडून गेली होती आणि दादा चार महिने इस्पितळात होता. खाणं सोडलं होतं, बोलणं सोडलं होतं. मामांना वाटलं होतं घड्याळजीला ठाऊक असेलच. त्याला ते फार लागलं. सख्ख्या भावाला कळवू नये? चार महिने? दुसऱ्याकडून कळावं? त्या दिवसापासून त्याने मनात एक गाठ मारली आणि ती सुटू दिली नाही. बोलणं तुटलं नाही, पण वर्षातून तीन-चार फोन, प्रकृती कशी, हवा कशी, ठेवतो. दादाही तितकंच बोलायचा. दोष त्याचा, त्याने मला सांगितलं नाही, असं घड्याळजी बायकोला शंभरदा म्हणाला असेल. बायको सुरुवातीला काही बोलायची, नंतर तिने सोडून दिलं. मात्र रेकॉर्ड तो ऐकत राहिला, कारण तीत आजारी पडण्याआधीचा आनंदी दादा होता, अशी त्याची समजूत होती. रागावलेल्या दिवसांतही तो ती लावायचा आणि त्याचं मन हलकं व्हायचं.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या घरात एकही घड्याळ नव्हतं. दिवसभर शंभर काटे बघितल्यावर घरी काळ नको, असा त्याचा नेम. मनगटावरचंही तो दुकानातच खिळ्याला अडकवून यायचा. नातेवाईक याची चेष्टा करायचे, आणि बायको दूध उतू जाण्यावरून वेळ ओळखायला शिकली होती. सोमवारी तो मनगटी घड्याळ घालूनच घरी आला. बायकोने बघितलं आणि ती दाराशी उभी राहिली. कव्हरच्या मागे पहिल्या तुकड्यासमोर छापलं होतं: नऊ मिनिटं दहा सेकंद. त्याने सुई टेकवली आणि सेकंदकाट्यावर डोळे रोखले. सॅक्सोफोन आपल्या नेहमीच्या उड्या मारत निघाला, आणि प्रथमच त्याला त्या उड्यांचा संताप आला. तुकडा संपला तेव्हा सात मिनिटं अडतीस सेकंद झाले होते. त्याने दुसऱ्यांदा लावला. सात अडतीस.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

काही नाही, यंत्र तपासतोय, तो म्हणाला. मग त्याने वरची तबकडी उचलली आणि मोटरच्या टोकाची, तबकडीचा पट्टा फिरवणारी पितळी पुली भिंगाखाली बघितली. पुलीवर विजेच्या दर सेकंदाच्या कंपनांचा बारीक आकडा कोरला होता. ती दुसऱ्या देशातल्या विजेसाठी घडवलेली होती. इथल्या विजेवर ती मोटर पाच फेऱ्यांच्या जागी सहा फेऱ्या मारत होती. एवढंच. आचाऱ्याने बोटीवरून उतरवलेल्या यंत्रात नखाएवढी पुली हवी त्याहून एक पंचमांश जाड होती. दुसऱ्याचं घड्याळ आठवड्याला अर्धं मिनिट पुढे गेलं तरी घड्याळजी चार वेळा उघडायचा, आणि त्याच्या स्वतःच्या घरात एकोणीस वर्षं सगळं काही पाचाच्या जागी सहाने धावत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नवी पुली घडवणं त्याच्या हातचा मळ होता. दुकानातल्या छोट्या लेथवर, पितळेच्या कांबीतून, अर्ध्या तासाचं काम. मंगळवारी त्याने कांब लावली आणि काढून ठेवली. बुधवारी तीन गिऱ्हाइकांची कामं आधी उरकली, जी शनिवारची होती. त्याचा हात चालेना. पुली बसली की खात्री होणार. आज अजून म्हणता येत होतं की कुणास ठाऊक, छापणाऱ्याचा आकडा चुकला असेल, दादाला ती रेकॉर्ड नुसतीच आवडली असेल. पण ‘माझं सध्या असं आहे’ याचा दुसरा काय अर्थ होतो? आणि समज झाली खात्री, तर तिचं करायचं काय? एकाहत्तर वर्षांच्या माणसाला फोन करून सांगायचं, की तू मला हाक मारली होतीस आणि मी टाळ्या वाजवल्या? कशासाठी? स्वतःचं ओझं उतरवायला? त्याला वाटलं, गप्प बसणं हेच शहाणपण. मग लगेच वाटलं, याच शहाणपणाने एवढी वर्षं गेली. एका बाईचं घड्याळ परत देताना त्याने पट्टा उलटा बसवून दिला. पंचवीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. बाई हसून म्हणाली, आज लक्ष कुठे आहे? तो तिच्याकडे इतक्या घाबऱ्या नजरेने बघत राहिला की तिचं हसू मावळलं.

आणखी एक काटा होता, आणि तो सगळ्यांत खोल रुतला होता. गाठ. एवढ्या वर्षांचा तो रुसवा त्याने जपला होता, वाढवला होता, त्यावर स्वतःला मोठं समजत आला होता. मी तुटलेला, मी डावललेला. आता तोच रुसवा उलटून त्याच्याकडे बोट दाखवत होता. दादाने कळवलं होतं. जगात एकाच माणसाला कळेल अशा भाषेत, त्याच एका माणसाला कळवलं होतं.

शुक्रवारी त्याने पुली घडवली. शनिवारी दुपारी दुकान बंद करून घरी आला, जुनी काढली, नवी बसवली, आणि बायकोला हाक मारून शेजारी बसवलं. सुई टेकली. सॅक्सोफोन क्षणभर थांबला, मग बोलला. बायको पदराशी चाळा करत ऐकत राहिली. पाच-सात मिनिटांनी तिने विचारलं, ही कोणती? तीच, तो म्हणाला. पिवळी. तिने कव्हर उचलून त्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग उठून फोन त्याच्यासमोर आणून ठेवला.

दादाने तिसऱ्या घंटेला उचलला. सणवार नाही, वाढदिवस नाही, तेव्हा त्याने आधी विचारलं की सगळं ठीक ना. घड्याळजी हो म्हणाला आणि मग त्याला पुढचं एक अक्षर सुचेना. चार दिवस मनात मांडलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्याने रिसीव्हर स्पीकरसमोर धरला. हात दुखायला लागेपर्यंत धरला. परत कानाला लावला तेव्हा पलीकडे फक्त श्वास होता. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि सांगत सुटला ते सगळं उलटसुलट: डॉक्टरांचा दवाखाना, पिवळं कव्हर, सात अडतीस, बोटीवरचा आचारी, पाचाच्या जागी सहा. मला ती आनंदाची वाटली दादा, तो म्हणाला. माझ्याकडे ती आनंदाचीच वाजत होती. तू कळवलं नाहीस म्हणून मी तुझ्यावर रुसून बसलो होतो.

एकेक क्षण घड्याळजीला टिकटिकताना ऐकू येत होता. मनगटी घड्याळ काढायचं राहिलं होतं.

“मला वाटलं, तुला कळलं,” दादा म्हणाला. “तुला सगळं बरोब्बर कळायचं. म्हणून मला वाटलं, याला कळलं आणि याने यायचं टाळलं.”

“नाही रे दादा.”

“तुझं कार्ड आहे अजून माझ्याकडे.”

घड्याळजीला हुंदका आवरेना. बायको समोर जमिनीकडे बघत उभी होती. मी उद्या येतो, तो म्हणाला, पहिल्या गाडीने येतो. दादा लगेच ये म्हणाला नाही. एकटं राहायची सवय झालीय, म्हणाला. कुणी येऊन बसलं की आता अवघडल्यासारखं होतं, काय बोलावं सुचत नाही. आणि मग तो हसला. पूर्वी नापास झाल्यावर हसला होता तसा, थोडा खोकत, थोडा लाजत.

“ये,” दादा म्हणाला. “पण ते यंत्र घेऊन ये. इथली वीज तुझ्याकडच्यासारखीच आहे. आणि जुनी पुली लाव. टाकली नाहीस ना? तुझ्या घरी मी एवढी वर्षं मजेत होतो म्हणतोस, तर एकदा मलाही ऐकू दे.”

टाकली नाही, घड्याळजी म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने डॉक्टरांना कळवलं की उद्याची पाळी दुसऱ्या कुणाला द्या. मग तो जमिनीवर बसला, तबकडी उचलली आणि अर्ध्या तासापूर्वी बसवलेली नवी पुली काढायला घेतली. स्क्रू इवलासा होता आणि डोळ्यांत पाणी होतं. बायकोने दिवा जवळ धरला.